टीच : दाखवणारे बोट

'शिकवणे' या अर्थी इंग्रजीत जो 'टीच' शब्द अष्टौप्रहर वापरला जातो, त्याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ 'दाखवणे' असा होता, आणि वाचकहो, एवढ्या एका अर्थापाशी मी वर्षानुवर्षे थांबलेलो आहे. त्याच कुळातले 'टोकन' आपण दवाखान्याच्या बाकावर मुठीत धरून बसतो. तो पितळी बिल्लाही मुळात खूणच, आपली पाळी दाखवणारी.

ही खूण धरून मागे मागे जावे, तो आपण आपल्याच अंगणात येऊन पोचतो. संस्कृतातल्या 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' उभा असतो, जसे दश आणि टेन, दंत आणि टूथ; त्याच रीतीने 'टीच' हा आपल्या 'दिश्' धातूचा सगोत्र ठरतो, ज्या धातूतून दिशा आली, देश आला, निर्देश आला आणि उपदेशही आला. 'उप' म्हणजे जवळ. दिशा दाखवायची ती जवळ येऊन, शिष्याच्या खांद्याशी खांदा लावून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. सद्गुरूचा उपदेश कानात होतो, तो याच जवळिकीमुळे, असे मला वाटते.

आता दाखवणारे ते बोट पाहू. अंगठ्याशेजारच्या या बोटाला संस्कृतात दोन नावे आहेत : तर्जनी, म्हणजे धाक घालणारी, आणि प्रदेशिनी, म्हणजे दाखवणारी. अमरकोशाने बोटे क्रमाने सांगताना प्रदेशिनी म्हटले. आपण मराठीत तर्जनी तेवढी ठेवली. 'शिक्षा' या शब्दाचेही तेच झाले : समर्थ होण्याची इच्छा सांगणाऱ्या धातूचा तो शब्द, आणि आपल्याकडे त्याचा दंड झाला. याची मला मनापासून खंत आहे, कारण बोट तेच असते, पोराच्या नाकासमोर नाचवले की तर्जनी आणि आकाशाकडे वळले की प्रदेशिनी.

लग्नात अरुंधती दाखवतात, ते आठवा. ती इतकी मंद, की एकदम 'ती पाहा' म्हटल्याने दिसत नाही; म्हणून गुरुजी आधी सप्तर्षींच्या शेपटीतला मधला ठळक वसिष्ठ दाखवतात, नजर तिथे स्थिरावू देतात, मग म्हणतात, 'आता त्याच्या अगदी लगत.' मुंडावळ्या बाजूला सारून नवरी पाहते, क्षणभर श्वास रोखते, 'दिसली' म्हणते. गुरुजींचे बोट केव्हाच खाली आलेले असते, आणि ती अजून वरच पाहत असते.