योसेफाचा पाचवा हिस्सा

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भावांनी विकलेला, कारागृहातून राजवाड्यात पोहोचलेला आणि अखेरीस त्याच भावांना क्षमा करणारा योसेफ प्रवचनांतून वारंवार भेटतो. त्या कथेतील प्रशासक योसेफ मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. सात वर्षांचा सुकाळ आणि त्यापाठोपाठ सात वर्षांचा दुष्काळ येणार, हे फारोच्या स्वप्नांवरून ओळखल्यावर त्याने सुचवलेला उपाय अगदी व्यवहारी होता. सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढावा, असे त्याने सांगितले. आणि पुढे प्रत्येक नगराभोवतीच्या शेतांचे धान्य त्याच नगरात साठवून ठेवले. आज ज्याला आपत्तीपूर्व नियोजन म्हणतात, त्याचे इतके जुने आणि इतके सुस्पष्ट वर्णन क्वचितच सापडेल.

या उपायाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या वर्षी कोणीच उपाशी नव्हते, त्या वर्षी शेतकऱ्याच्या खळ्यावरून पाचवा हिस्सा उचलणे न्याय्य कसे ठरते? ज्याने द्यायचे तो समोर उभा होता. ज्याच्यासाठी द्यायचे तो अजून भुकेला झालेला नव्हता, कदाचित जन्मालाही आलेला नव्हता. नैसर्गिक आपत्तींचा दीर्घकालीन धोका कमी करण्यासाठी ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने वा महानगरपालिकेने जे नियोजन करायचे असते, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

भूकंप, पूर, दरड ही सारी देवाची करणी, तिच्यापुढे माणसाचे काय चालते, असे म्हणून काहीजण या प्रश्नातून मोकळे होतात. परंतु शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांहून अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असा प्रश्न प्रभू येशूने केला आणि मृतांच्या पापांचा हिशेब मांडणाऱ्यांची दृष्टी त्यांच्या स्वतःच्या आचरणाकडे वळवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. जमीन हादरणे माणसाच्या हाती नव्हते. मात्र त्यांतील बहुसंख्यांचा जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या जड धाब्यांनी. भिंत कशी रचावी, हे माणसाच्या हाती असते.

याचा अर्थ त्या गावकऱ्यांना दोष द्यावा असा नाही. त्या काळच्या भूकंपनकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवला होता. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हा तीही दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. माणसाचे ज्ञान अपुरे असते, आणि नियोजन करणाऱ्यांनी ही नम्रता सदैव बाळगली पाहिजे. जिथे ज्ञान नव्हते, तिथे अपराधही नव्हता. पण जिथे नकाशा आहे, आकडे आहेत, वृद्धांच्या आठवणी आहेत, तिथे अज्ञानाची ढाल उरत नाही.

महाराष्ट्रात नद्यांच्या काठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी आपली फसगत होते. तो पूर आपल्या नातवंडांच्या काळात येईल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. तीस वर्षांच्या अवधीत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, आणि निळ्या रेषेच्या पुराची सुमारे ७० टक्के. घराचे कर्ज फेडून होण्याआधी पाणी उंबऱ्यावर येण्याची अशी शक्यता असताना तिथे बांधकामाला परवानगी देणारा हात निव्वळ कागदावर सही करत नसतो. फारोला स्वप्न पडले होते. आपल्याला गणित कळते. गणितावर स्वप्नाइतकाही विश्वास न ठेवणे, हे आपल्या काळाचे दुर्दैव आहे.

वसईपुरता विचार करू. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा. डोंगरावरून उतरणारे पाणी सखल पट्टीतून वाट काढत खाडीला व समुद्राला मिळते, आणि भरतीच्या वेळी त्याला बाहेर पडता येत नाही. तोवर ते कुठेतरी थांबले पाहिजे. पूर्वी ते खारजमिनीत, मिठागरांत आणि वाडीवाडीतील बावखलांत थांबत असे. बावखल हे आपल्या पूर्वजांचे धान्यकोठार होते. पावसाळ्यात ते पाणी पोटात घेई आणि उन्हाळ्यात बागायतीला परत देई. हे नियोजन कोणत्याही सरकारी आराखड्यात नव्हते, तरी ते नियोजनच होते.

त्यांतील कितीतरी बावखले आता भरणीखाली गेली. बुजवणाऱ्यांतील प्रत्येकाजवळ काही ना काही सबळ कारण होते. कुणाला मुलासाठी घर बांधायचे होते, कुणाला आजारपणाचे कर्ज फेडायचे होते, तर कुणी डासांना कंटाळला होता. एक बावखल बुजवल्याने पूर येत नाही. शंभर बुजली म्हणजे येतो, आणि तेव्हा दोषी म्हणून एकही माणूस सापडत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेली, रेल्वे बंद पडली, मिठागरातील वस्तीला पाण्याने वेढले. पाणी जागा शोधत होते. त्याची जागा आपण वाटून घेतली होती.

अशा वेळी नीतीचा विचार व्यक्तीच्या सद्सद्विवेकापाशी थांबू शकत नाही. शंभर जणांनी मिळून, पण एकेकट्याने केलेल्या कृतीला आळा घालायचा, तर तो सर्वांच्या वतीने कोणीतरी घालावा लागतो. तेच स्थानिक शासनाचे काम. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना आणि जमिनीच्या वापराचे नियमन हे विषय नागरी संस्थांच्या सूचीत घातले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आपल्या हद्दीतील बांधकामे आपत्ती प्रतिबंधाच्या निकषांनुसार होतील हे पाहण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील ८० टक्के रक्कम मदत व पुनर्बांधणीसाठी आणि २० टक्के रक्कम धोका मुळातच कमी करण्यासाठी ठेवली. वीस टक्के म्हणजे पाचवा हिस्सा! योसेफाचे प्रमाण इतक्या शतकांनंतर आपल्या अर्थव्यवहारात उतरलेले पाहून नवल वाटते.

तथापि योसेफाची कथा इथे संपत नाही. त्याच पुस्तकाच्या ४७ व्या अध्यायात तिचा उत्तरार्ध आहे, आणि तो अस्वस्थ करणारा आहे. दुष्काळ पडला, कोठारे उघडली. पण धान्य फुकट मिळाले नाही. लोकांनी प्रथम पैसा दिला, मग गुरे दिली, शेवटी जमिनी आणि स्वतःलाही फारोच्या हवाली केले. लोक जगले, पण दास होऊन जगले. जीव वाचवणारे नियोजनही माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेऊ शकते, हे पवित्र शास्त्राने लपवून ठेवलेले नाही.

नियोजन या शब्दाला वसईतील माणूस बिचकतो, त्यामागे असाच अनुभव आहे. १९९० मध्ये सिडकोला या भागाची नियोजनसंस्था नेमण्यात आले, त्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. आपल्या भूमीचा नकाशा आपल्याला न विचारता दुसऱ्याने का आखावा, हा त्यातील एक सवाल होता. अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात मांडलेले तत्त्वही हेच सांगते : जे कार्य लहान समूह करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. म्हणून पूररेषा आखताना, नाले रुंद करताना, बावखले राखून ठेवताना त्या त्या वाडीचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. ज्याने बावखल राखले त्याला काहीच नाही आणि ज्याने बुजवले त्याला इमारत, असा व्यवहार चालू राहिला, तर शहाणपणाचे बक्षीस मूर्खपणाला मिळेल. सर्वांसाठी ज्याची जमीन मोकळी राहते, त्याला मोबदला सर्वांनी दिला पाहिजे.

त्याचप्रमाणे सखल भागातील चाळींत राहणाऱ्या मजुरांना 'धोक्याची जागा' म्हणून उठवायचे आणि पर्यायी घर द्यायचे नाही, यालाही नियोजन म्हणता येणार नाही. ते बाहेरून आले, असे आपण सहज म्हणतो. परंतु आपल्या उंच भरणीवरून निसटलेले पाणी त्यांच्याच खोलीत शिरते, आणि या अर्थाने ते आपले अगदी सख्खे शेजारी आहेत. शेजारी कोण, या प्रश्नाचे प्रभूने दिलेले उत्तर त्यांना वगळू देत नाही. ज्यांचा जन्म व्हायचा आहे त्यांनाही ते वगळू देत नाही; पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा आग्रह धरला, तो याच भूमिकेतून.

योसेफाच्या कथेतील आणखी एक तपशील आपल्यासाठी विशेष बोचरा आहे. साऱ्या मिसर देशाची जमीन फारोची झाली, तेव्हा एकट्या पुरोहितांची जमीन वगळण्यात आली. झळ इतरांना आणि सवलत पुरोहितांना! आपल्या धर्मग्रामांची, शाळांची, संस्थांची आवारे लहान नाहीत. फरसबंदी करून त्या आवारांत पावसाचा एक थेंबही मुरू द्यायचा नाही आणि व्यासपीठावरून निसर्गरक्षणाची प्रवचने करायची, हे फार काळ शोभणारे नाही. पाचवा हिस्सा प्रथम आपल्या अंगणातून निघाला, तरच इतरांकडे तो मागण्याचा अधिकार आपल्याला राहील.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागवल्या जातात, तेव्हा बहुतेक अर्ज आपापल्या जमिनीवरील आरक्षण उठवण्यासाठी असतात. पुढच्या वेळी प्रत्येक धर्मग्रामातून निदान एक अर्ज असा जावा, ज्यात स्वतःसाठी काहीही मागितलेले नसेल. आमच्या गावातील पाण्याची वाट मोकळी ठेवा आणि तिच्यासाठी आमच्या वाट्याला येणारा भार आमच्यावर टाका, एवढेच त्यात लिहिलेले असेल. त्याचे श्रेय कोणालाच मिळणार नाही, कारण जो पूर आला नाही त्याची बातमी होत नसते. परंतु उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू न देता दान करण्याची शिकवण ज्यांना मिळाली आहे, त्यांना हे जड जाण्याचे कारण नाही.