डागडुजीविषयी थोडा विचार

मोडके ते जोडून पुन्हा वापरात आणणे हा सद्गुण होय, याविषयी आमच्या वाचकांत दुमत असेल असे आम्हांस वाटत नाही. गरिबीने तो आपणांस शिकविला आहे. निलंग्याकडील कोणत्याही घरी वाकळ उलगडून पाहावी. विटलेले लुगडे, कोपरांत झिजलेला सदरा, लेकराचे जुने अंगडे, असे थरावर थर घालून व टाक्याशेजारी टाका देऊन घरच्या बाईने त्यांची ऊब केलेली असते. या कामाची कोणी थट्टा करू नये. परंतु प्रत्येक डागडुजी चांगलीच असते काय?

हा प्रश्न आमच्या भागात केवळ चर्चेपुरता नाही. ता. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीजवळ भूकंप झाला. औसा, निलंगा व उमरगा या तालुक्यांतील गावे हादरली आणि सुमारे 8,000 माणसे मृत्यू पावली. धरणी फार वेळ हालली नव्हती. माणसे मेली ती बहुतेक आपल्याच घराखाली सापडून.

ती घरे कशी होती, हे आमच्या वृद्ध वाचकांस सांगावयास नको. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खण, वर मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकावी, म्हणजे गळती थांबे. बापाने टाकली, मुलाने टाकली. जुनी काढण्याचे कोणाच्या ध्यानी आले नाही. आळस नव्हता, उलट काळजीच होती. त्या काळजीचे ओझे वर्षानुवर्षे निजलेल्या माणसांच्या डोक्यावर चढत गेले.

भिंतींचेही तसेच. बाहेरचा थर निराळा, आतला निराळा, व मध्ये कपच्या आणि माती. दोहोंस बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. भिंत जाड दिसे, पण ती एक नव्हतीच. हादरा बसताच दोन्ही थर सुटले. पुष्कळ ठिकाणी लाकडी खण उभे राहिले आणि भिंती मात्र ढासळल्या.

पुढे 52 गावे नव्या जागी वसविली गेली. दगडाची लोकांनी धास्ती घेतली व सिमेंटचे घर मागितले. त्या धास्तीस आम्ही हसत नाही. ज्याने आपले लेकरू दगडांखालून काढले, त्याला दोष दगडाचा नसून सांध्याचा होता, हे शास्त्र कोणत्या तोंडाने सांगावे? तरी ते खरे होते. जी घरे पडली नव्हती, त्यांच्या मजबुतीसाठी सरकारने जी रीत सांगितली, तीत जुना दगड टाकून द्यावयाचा नव्हता. भिंतीस आरपार भोक पाडावे, त्यात लोखंडी सळईचा आकडा ठेवून काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांस धरून राहतात. खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे लाकूड ठोकावे. माळवदावरील जास्तीची माती उतरावी. घर तेच, दगड तेच. एवढेच की, ते कोठे दुबळे आहे याची आधी चौकशी झाली.

अनुभवी बाई ठिगळ लावताना हीच चौकशी करते. कोरे कापड तसेच लावले तर पहिल्या धुण्यात आटून जुन्याला आणखी फाडते, म्हणून ती ते आधी भिजविते. आणि ज्या लुगड्याचा धागाच कुजला आहे, त्यास ती टाका घालीत नाही. ते वातींसाठी ठेवते.

यंदा मृगापूर्वी ज्या वाचकांस माळवदावर चढावे लागेल, त्यांनी टोपले वर नेण्यापूर्वी फावडे न्यावे. जुनी माती खरवडून वीतभर ठेवावी, मग नवी टाकावयाची की नाही ते ठरवावे. खाली उतरल्यावर भिंतीला पोट सुटले आहे काय, हे बाहेरून पाहावे. सुटले असेल तर त्यावर गिलावा करू नये. गवंड्यास बोलवावे, आणि तो येईपर्यंत मुलांची अंथरुणे त्या भिंतीपासून दूर घालावी.