भूमी नाही म्हणाली तर

भूमिपूजन हा विधी मुळात परवानगी मागण्याचा आहे. बांधणारा माणूस जागेवर येतो तेव्हा ती जागा रिकामी नसते, असे हा विधी धरून चालतो. तिथे झाडे असतात, झाडांवर पाखरे आणि भुतेखेते असतात, वारुळात नाग असतो, शिवेवर क्षेत्रपाल असतो. त्यांना नैवेद्य द्यायचा, क्षमा मागायची, दुसरीकडे जायची विनंती करायची आणि मगच कुदळ मारायची. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी एखादे झाड तोडायचे असले, तरी आदल्या रात्री त्याची पूजा करून त्यावर राहणाऱ्यांना दुसरा निवारा शोधायला सांगावे, असे विधान आहे. यातून एक अवघड प्रश्न निघतो. परवानगी मागितली की नकारही येऊ शकतो. तो येण्याची सोयच नसेल, तर त्या मागण्याला काय म्हणायचे? मेट्रो, सागरी मार्ग, विमानतळ, उंच मनोरे अशी कामे एकाच वेळी काढून बसलेल्या मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही.

जुन्या ग्रंथांत नकाराला जागा होती. हातभर खड्डा खणून त्याच मातीने तो पुन्हा भरावा; माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर सोडून द्यावी, अशी परीक्षा ‘बृहत्संहिते’त सांगितली आहे. खड्ड्यात पाणी भरून शंभर पावले चालून परत यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे, अशीही एक आहे. या परीक्षांमागचे शास्त्र आज तपासले तर त्यातले काही टिकेल, काही टिकणार नाही. महत्त्वाचे आहे ते त्यांचे स्थान: निर्णयाच्या आधी. मातीची परीक्षा आजही होते. यंत्राने बोअर घेतात, खडकाचे गोल तुकडे क्रमांक घालून पेटीत रचून ठेवतात. पण खडक किती खोलीवर लागला यावरून पायातल्या खांबांची लांबी ठरते. बांधायचे की नाही, हे त्या पेटीला कोणी विचारत नाही.

वास्तुपुरुषाची कथाही याच अंगाने वाचता येते. मत्स्यपुराणानुसार अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक भुकेले भूत जन्मले. देवांनी त्याला जमिनीवर पालथे दाबले आणि ज्याने जिथे धरले तो देव तिथेच राहिला. मग त्या भुताने विचारले, अशा स्थितीत मी जगू कसा? घर बांधणारे तुला बळी देतील, असे उत्तर मिळाले. म्हणजे प्रत्येक घर कुणाला तरी दाबून उभे राहते आणि त्याच्या जेवणाची जबाबदारी घरमालकावर येते, हे या कल्पनेने सरळ कबूल केले आहे. वास्तुशांतीचे आमंत्रण देणाऱ्या किती यजमानांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

आजच्या भूमिपूजनात बाह्य साहित्य बरेचसे तेच आहे. ईशान्येला खड्डा, त्यात हळदकुंकू लावलेल्या पाच विटा, चांदीचा नाग आणि कासव, सुपाऱ्या, पंचरत्नांची पुडी. त्या विटा म्हणजे ग्रंथांतल्या नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा या शिलांच्या वारसदार. शेजारी झेंडूचा हार घातलेला जेसीबी उभा असतो, त्याच्या लोखंडी दातांवरही कुंकवाची बोटे ओढलेली असतात. गुरुजी क्षमेचा मंत्र म्हणत असतात आणि मागे पत्र्याच्या कुंपणावर पूर्ण झालेल्या इमारतीचे रंगीत चित्र लागलेले असते. कर्ज मंजूर, आराखडा मंजूर, ठेका दिलेला. विनंती या सगळ्याच्या शेवटी येते. श्रद्धा खोटी असते असे मुळीच नाही. यजमान मनापासूनच हात जोडतो. पण तोवर भूमीला उत्तर द्यायला जागा उरलेली नसते.

हे आजचेच पाप म्हणावे, तर महाभारत आडवे येते. आदिपर्वात कृष्ण आणि अर्जुन अग्नीसाठी खांडववन जाळतात. पळणाऱ्या जिवांना पुन्हा आगीत लोटले जाते. वाचतात ते मोजकेच: अश्वसेन नाग, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगाकडे भक्तिभाव बाजूला ठेवून पाहिले आणि त्यातले क्रौर्य मराठी वाचकापुढे ठेवले. जीवदान मिळालेला मय पुढे त्याच पांडवांची सभा बांधतो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी पनवेल-उलवे पट्ट्यातली दहा गावे उठली, टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि जमीन गेलेल्यांतलेच कित्येक जण डंपर घेऊन भरावाच्या कामाला लागले. मय सभा का बांधतो, हे कळायला त्याहून दूर जावे लागत नाही.

मुंबईच्या जन्मकथेतही देव हलवण्याचे प्रसंग आहेत. शहराला नाव देणाऱ्या मुंबादेवीचे मूळ देऊळ बोरीबंदराजवळ होते. अठराव्या शतकात किल्ल्याच्या गरजेपुढे ते आजच्या जागी गेले. महालक्ष्मीची आख्यायिका याच्या उलट आहे. १७८० च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात वरळीची खाडी बुजवायला बांध घातला जात होता आणि तो पुन्हा पुन्हा ढासळत होता. रामजी शिवजी प्रभू यांच्या स्वप्नात देवी आली, खाडीतून मूर्ती निघाल्या आणि मगच बांध टिकला, असे सांगतात. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी या कामाला नकार दिला होता आणि हॉर्नबीने तो जुमानला नाही, अशीही हकीकत आहे. दोन्ही एकत्र वाचल्या की गंमत दिसते: साहेबांचा नकार बाजूला पडला, देवीचा मात्र मोडता आला नाही. तिने बांधाला विरोध केला नव्हता, स्वतःसाठी जागा मागितली होती.

देवाला स्वतःची इच्छा असते, हे कायद्यानेही एकदा गंभीरपणे घेतले. कलकत्त्याच्या मलिक कुटुंबातल्या वादात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये सांगितले, की मूर्ती ही हलवण्याची वस्तू नव्हे. ती कुठे राहावी याबाबत तिच्या इच्छेचा मान ठेवला पाहिजे आणि ती इच्छा मांडायला ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा प्रतिनिधी हवा. भूमिपूजनाला नेमके हेच कमी पडते. तिथे भूमीच्या वतीने बोलणारा आणि बांधकामातून लाभ मिळवणारा बहुतेक वेळा एकच असतो.

पवित्रता जमिनीत किती खोल जाते, हाही वाद मुंबईत झाला. आरे ते कफ परेड या साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मेट्रोचा मार्ग दक्षिण मुंबईतल्या वाडिया (१८३०) आणि अंजुमन (१८९७) या दोन आतश बहरामांच्या परिसरातून जात होता. आतश बहराम म्हणजे पारशी अग्निमंदिरांतला सर्वोच्च दर्जा. त्यातला अग्नी सोळा प्रकारच्या अग्नींपासून शुद्ध करून घडवलेला असतो. अग्नीचे खालच्या भूमीशी असलेले नाते बोगद्याने तुटेल, असे काही पारशी भाविकांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. अभियंता कंपने मोजू शकतो, भिंतीला तडा जाईल का ते सांगू शकतो. भाविकाची तक्रार तड्याची नव्हतीच. दोन्ही बाजू ‘जमीन’ हा एकच शब्द वापरत होत्या आणि वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत होत्या. न्यायालयाला मोजता येईल तीच भाषा वापरावी लागते. त्यात त्याचा दोष नाही, पण भाविकांच्या मूळ प्रश्नाला त्यातून उत्तरही मिळत नाही.

जमीन बोलत नसली तरी तिच्यावर जगणारी माणसे बोलतात आणि धर्मविचाराने त्यांचा शब्द भूमीचाच मानायला हरकत नसावी. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण मरण पावले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून आले.

वरळीच्या कोळ्यांचा प्रसंग रक्त न सांडता घडला. सागरी मार्ग वरळीच्या समुद्रसेतूला जोडताना क्लीव्हलँड बंदरासमोर खांब उभे राहणार होते आणि दोन खांबांमधले अंतर साठ मीटर धरले होते. कोळ्यांचे म्हणणे साधे होते: वारा आणि लाटा एकदम आल्या की होडी सरळ रेषेत जात नाही, ती खांबावर आपटेल. कागदावरचा समुद्र सपाट असतो, त्यांचा नव्हता. त्यांनी काम अडवले, समुद्रात होड्या आणल्या, बैठका झाल्या. २०२२ च्या अखेरीस सरकारने एक खांब वगळला आणि गाळा १२० मीटरचा केला. कोळ्यांना याहून मोठा गाळा हवा होता. तरीही आराखडा बदलला. मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत गेला. त्यावरून गाड्या जातात तेव्हा खाली, वगळलेल्या खांबाच्या जागेवरून, वरळी कोळीवाड्याच्या होड्या ये-जा करतात.