टाळ्या थांबल्यावर



खेळाडूच्या आयुष्याचे दोन भाग असतात. पहिला सगळे जग पाहते, दुसरा फक्त त्याच्या घरची माणसे पाहतात. आज अशा एका खेळाडूविषयी चार शब्द लिहितो. त्याचे नाव नेव्हिल डिसोझा. तो मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून फुटबॉल खेळायचा. त्या काळी आपल्याकडे फुटबॉल खेळून पोट भरत नसे. मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत आणि आपल्या संघातून खेळवत.

१ डिसेंबर १९५६. तो शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार होता. मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली होती. नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. त्याने दुसरा गोल केला, पुन्हा बरोबरी झाली. मध्यंतरानंतर त्याने तिसरा गोल केला आणि पुढे किट्टू यांनी चौथा. भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू ठरला.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच होता, पण नंतर भारतावर चार गोल झाले. कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने ३-० असा जिंकला. भारत चौथा आला. त्यानंतर आपला फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये इतक्या वर कधीही पोहोचलेला नाही. नेव्हिलचे एकूण चार गोल झाले. त्या स्पर्धेत त्याच्याइतके गोल आणखी दोघांचे होते, त्याहून जास्त कोणाचेही नव्हते.

आणि पुढे? १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले. त्या यादीत त्याचे नाव कधी आले नाही. १९८० साली, पन्नाशीही गाठण्याआधी, तो देवाघरी गेला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर २०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कुठे काही तरुणांच्या कानावर नेव्हिलचे नाव पडले.

असे ऐकले की आपण हळहळतो आणि म्हणतो, “बिचाऱ्याचे सगळे फुकट गेले.” खरोखरच फुकट गेले का?

संत पौलाने करिंथच्या लोकांना लिहिताना धावपटूचे उदाहरण घेतले. करिंथजवळ मोठे क्रीडामहोत्सव भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. चार दिवसांत तो सुकून जाई. पौल त्या धावपटूला हसत नाही. त्याची मेहनत आणि त्याचा संयम तो आपल्यापुढे कित्ता म्हणून ठेवतो. मुकुट सुकतो, पण तो मिळवताना माणूस घडतो आणि ते घडणे सुकत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न वेगळ्या अंगाने सोडवला. माणसाचे अंतिम सुख कीर्तीत का नाही? त्यांचे उत्तर साधे आहे. एखादी गोष्ट असते, म्हणून आपण ती जाणतो. देवाचे मात्र उलट आहे. तो जाणतो, म्हणून ती गोष्ट असते. लोकांनी ओळखल्याने माणूस मोठा होत नाही आणि लोक विसरले म्हणून लहानही होत नाही. आपले खरे मोल देवाच्या जाणण्यात आहे, आणि त्याला विसर पडत नाही.

म्हणून लोकांनी विसरावे असे मात्र नाही. याच संत थॉमसनी कृतज्ञतेला न्यायाच्या घरात जागा दिली आहे. विसरल्याने नेव्हिलचे मोल घटले नाही, ऋण मात्र आपल्याकडे राहिले.

आता आपल्याकडे पाहू. ओहोटीला आंजर्ल्याच्या पुळणीवर मुले पायाने रेघा ओढून मैदान आखतात. भरती आली की रेघा पुसल्या जातात. त्या पुसल्या जाणार हे ठाऊक असूनही मुले मन लावून खेळतात. मोठेपणी हेच आपल्याला जमत नाही. कोणी पाहणारे नसेल तर आपले हात ढिले पडतात. आणि मुलगा हरून घरी आला, किंवा दहावीत मागे पडला, की आपण त्याच्याशी असे बोलतो की जणू त्याचे मोलच कमी झाले. पालकहो, “जिंकलास का?” एवढेच विचारू नका. “मनापासून खेळलास का? पडलेल्याला हात दिलास का?” हेही विचारा. मुंबईहून नोकरी सुटून परत आलेल्या पोराकडेही त्याच नजरेने पाहा.

आणि या आठवड्यात एक काम करा. आपल्या वाडीत असा कोणीतरी असेलच, ज्याच्या वाट्याच्या टाळ्या केव्हाच थांबल्या आहेत. आता होडीवर न जाणारे एखादे आजोबा, वर्षानुवर्षे पहाटे उठून मुलांचे डबे भरणारी एखादी आजी, शिकवून निवृत्त झालेल्या एखाद्या बाई. त्यांच्या घरी जा, घटकाभर बसा आणि त्यांनी केलेल्या एका कामाचे नाव घेऊन आभार माना. मृत्यूनंतरच्या श्रद्धांजलीसाठी ते शब्द राखून ठेवू नका.

प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू