वाचनाच्या आड आलेल्या गोष्टी

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात सेंटबरी नावाचं खेडं आहे. तिथल्या टेकडीवर मेंढ्या राखणाऱ्या रॉबर्ट विल्यम्सने १५४६ साली १४ पेन्सला एक छापील पुस्तक घेतलं. कोणत्या गोष्टीचा शोध कोणी लावला हे सांगणाऱ्या पॉलिडोर व्हर्जिलच्या ग्रंथाचा तो इंग्रजी संक्षेप होता. ऑक्सफर्डहून तो गावात आणून देणाऱ्याचं नावसुद्धा विल्यम्सने पुस्तकातच टिपून ठेवलं. पुढे त्याने लिहिलं की, मेंढपाळांनी बायबल वाचू नये असा हुकूम निघाला म्हणून मी हे पुस्तक घेतलं. हे आंधळेपण देवाने दूर करावं.

हुकूम खराच होता. आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटने १५४३ मध्ये कायदा करून कारागीर, उमेदवार, नोकरचाकर, शेतमजूर आणि सामान्य घरांतल्या स्त्रियांना इंग्रजी बायबल वाचायची बंदी केली. सरदार-जमीनदारांच्या बायकांना मात्र एकांतात वाचायची मुभा होती. कायदा झाला नसता, तर विल्यम्सने ते दुसरं पुस्तक कदाचित घेतलंही नसतं, आणि एक मेंढपाळ वाचू शकतो, लिहू शकतो आणि राजाच्या हुकमावर रागावतो, हे आपल्याला कळलं नसतं.

ब्रिटनमधली माणसं काय वाचत होती, या प्रश्नावर गेल्या काही दशकांत तिथे फार चिकाटीने काम झालं आहे. ओपन युनिव्हर्सिटीने १९९६ मध्ये सुरू केलेल्या एका प्रकल्पात १४५० ते १९४५ या काळातल्या वाचनाच्या ३० हजारांवर नोंदी गोळा झाल्या. पत्रं, रोजनिश्या, आत्मचरित्रं, खटल्यांची कागदपत्रं, जिथून मिळतील तिथून. या क्षेत्रातलं जे मी वाचत आलो त्यावरून माझं मत असं बनलं आहे की, सुखाने, विनासायास झालेलं वाचन मागे फारसं काही ठेवत नाही. वाचनाच्या आड काहीतरी येतं, बंदी, लाज, उसनवारी, निरक्षरता, तेव्हाच त्याची खूण राहते.

लाजेचं उदाहरण सॅम्युअल पीप्सचं. नौदल कचेरीतला हा मोठा अधिकारी १६६० ते १६६९ लघुलिपीत रोजनिशी लिहीत होता. त्याच्या संग्रहातली सुमारे ३ हजार पुस्तकं केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्याने लावून दिलेल्या क्रमाने आजही उभी आहेत. ती पाहून कोणीही म्हणेल, हा माणूस काय वाचत होता ते इथे आहे. पण ८ फेब्रुवारी १६६८ रोजी पीप्सने स्ट्रँडवरच्या दुकानात तासभर रेंगाळून एक चावट फ्रेंच पुस्तक विकत घेतलं, आणि मुद्दाम साध्या बांधणीचं घेतलं. वाचून झालं की जाळायचं, म्हणजे ते यादीतही येणार नाही आणि इतर पुस्तकांना बट्टाही लागणार नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी थोडं वाचलं; रात्री पाहुण्यांबरोबर गाणं-पिणं झाल्यावर खोलीत जाऊन उरलेलं संपवलं आणि जाळलं. ३ हजार ग्रंथांपैकी किती त्याने असे एका दमात वाचले असतील? जे नक्की वाचलं, तेच कपाटात नाही. पुस्तक घरात असणं हा वाचल्याचा पुरावा नव्हे, आणि नसणं हा न वाचल्याचाही नव्हे.

खपाचे आकडेही तसेच फसवतात. त्याच दशकात इंग्लंडमध्ये पंचांगवजा वार्षिकं वर्षाला ४ लाखांच्या आसपास खपत होती. ढोबळमानाने तीन घरांमागे एक. जत्रांचे दिवस, चंद्राच्या कला, हवामानाचे अंदाज, सगळं त्यात. इतकं हाताळलेलं दुसरं छापील साहित्य क्वचितच असेल, आणि इतकं नाहीसं झालेलंही. वर्ष सरलं की ती पानं चुलीत किंवा शौचकुपात जात. उलट जाडजूड धर्मग्रंथ कोणी फारसे न उघडल्यामुळे धडधाकट राहिले. टिकलेल्या पुस्तकांवरून वाचकांची आवड ठरवणं म्हणूनच धोक्याचं आहे.

माझ्या म्हणण्याला छेद देणारी एक बाईही आहे, आणि ती मला फार आवडते. टॅमवर्थजवळ राहणारी फ्रान्सिस वुल्फ्रेस्टन (१६०७–१६७७) आपल्या पुस्तकांवर आपलं नाव लिहून ‘हिचं पुस्तक’ असं तिच्या धाटणीच्या स्पेलिंगमध्ये टाकी. पोथीवजा स्वस्त पुस्तिका, गाणी, नाटकं असा तिचा साठा. शेक्सपिअरच्या ‘व्हीनस अँड अडोनिस’च्या १५९३ च्या पहिल्या आवृत्तीची जगात एकच प्रत उरली आहे, ती हिची. आणि ‘ऑथेल्लो’वर तिने शेरा मारला आहे, दुःखी आहे, एवढाच. तिला कोणी अडवलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. वाचून मन भरून आलं आणि तिने लिहिलं.

उसनवारीच्या नोंदी सगळ्यांत भरवशाच्या. स्कॉटलंडमध्ये क्रीफ गावाजवळ इनरपेफ्रे इथे डेव्हिड ड्रमंड या सरदाराने १६८० च्या सुमारास लोकांसाठी ग्रंथालय काढलं. तिथली देवघेवीची वही १७४७ पासून सलग आहे. पुस्तक नेणारा नाव, गाव लिही, पुष्कळदा धंदाही, आणि धड परत आणीन असं वचन देई. त्यात पाद्री आणि शाळामास्तर आहेत, तसे विणकर आणि विद्यार्थीही. मैलोन्‌मैल चालत येऊन विणकराने प्रवचनांचा नाहीतर इतिहासाचा खंड नेला, हे त्याच्याच हातच्या अक्षरात वाचताना ‘अडाणी जनता’ हा शब्दप्रयोग जिभेवर यायला कचरतो. ब्रिस्टलच्या वर्गणीदारांच्या वाचनालयात १७७३ ते १७८४ मध्ये सर्वांत जास्त, २०१ वेळा बाहेर गेलं ते हॉक्सवर्थने संपादित केलेलं दक्षिण समुद्रातल्या सफरींचं वर्णन. बंदरातल्या व्यापाऱ्यांना दुसरं काय हवं असणार! अर्थात वही पुस्तक घरी गेल्याचं सांगते. ते उघडलं की नाही, हे सांगत नाही.

साक्षरतेचे आकडे मांडताना विवाहनोंदींचा आधार घेतात. १७५४ पासून वधूवरांना नोंदवहीत सही करावी लागे, न येणारे फुली मारत. पण मुलांना आधी वाचायला शिकवत आणि लिहायला नंतर. गरिबाचं मूल मधल्यामध्ये शाळेतून निघून कामाला लागे. तेव्हा फुली मारणाऱ्यांतही वाचणारे होतेच.

आणि मुळीच न वाचता येणाऱ्यांचं काय? लंडनच्या गरिबांच्या मुलाखती घेणाऱ्या हेन्री मेह्यूने १८५१ च्या ग्रंथात हातगाडीवाल्या भाजी-फळविक्यांबद्दल लिहिलं आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी चाळीच्या अंगणात दहा-बाराजण जमत आणि अक्षर येणारा एकजण मोठ्याने वाचे. चित्रात कोणी टांगलेला माणूस आणि खाली पेटलेला जाळ दिसला, की त्याने काय केलं होतं हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. वाचता न येणारा माणूस नुसत्या चित्रासाठी अंक विकत घेई आणि कोणाकडून तरी वाचून घेई. यांना वाचक म्हणायचं नाही, तर कोणाला?

त्यांचा लाडका लेखक होता जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जेमतेम ओळभर जागा मिळते. पण त्याच्या रहस्यकथा हिंदुस्थानात पोचल्या, आणि हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी, १८८५ ची ‘मधली स्थिती’, त्याच्याच धर्तीवर उभी राहिली. मराठी कादंबरीच्या उगमाशी डिकन्सला शोधणाऱ्यांनी आधी लंडनच्या भाजीवाल्यांना काय आवडत होतं ते पाहावं.

आपल्याकडे शंभरी ओलांडलेली वाचनालयं गावोगाव आहेत. त्यांच्या माळ्यावर देवघेवीच्या जुन्या वह्या असतील, तर नव्या संगणकासाठी जागा करताना त्या रद्दीत जाऊ देऊ नका. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या, आणि तोवर निदान पानांचे फोटो काढून ठेवा.