पिठातली झुंज आणि पाचवं कारण

जिंकला तो लायकच असणार, ही समजूत जुनी आहे. ‘बळी तो कान पिळी’ म्हणताना निदान तक्रारीचा सूर तरी असतो. हर्बर्ट स्पेन्सरने 1864 मध्ये ‘सर्वांत लायक तोच टिकतो’ असं सूत्र मांडलं आणि यशालाच गुणांचं प्रमाणपत्र मिळालं.

शिकागो विद्यापीठातल्या टॉमस पार्क यांनी हे प्रमाणपत्र पिठात तपासलं. आपल्या पिठाच्या डब्यातही सापडणारा तांबडा भुंगेरा आणि त्याच्याच कुळातला, दिसायलाही तसाच दुसरा भुंगेरा त्यांनी अनेक बाटल्यांत एकत्र सोडला. खाद्य 95 टक्के गव्हाचं पीठ आणि 5 टक्के यीस्ट. दर 30 दिवसांनी पीठ चाळायचं, किडे मोजायचे, ताज्या पिठात परत सोडायचे. हे किडे एकमेकांची अंडी आणि कोषही फस्त करतात. शेवटी एकच जात उरे.

निकाल 1954 मध्ये आले. 34 अंशांच्या दमट हवेत तांबडा दरवेळी जिंकला, 24 अंशांच्या कोरड्या हवेत दरवेळी दुसरा. इथवर ठीक, हवा पालटली की लायकीही पालटते. पण 29 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत तांबडा 86 टक्के बाटल्यांत जिंकला, 14 टक्क्यांत नामशेष झाला. पीठ तेच, हवा तीच.

मग त्या 14 टक्क्यांतल्या विजेत्यांचा गुण कोणता?

गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणं मोजतो, पाचवं दैव. येझी नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट या संख्याशास्त्रज्ञांनी पार्क यांच्यासोबत 1956 मध्ये या पाचव्याला गणितात जागा दिली. जन्म-मृत्यू ठरावीक वेगाने न धरता संभाव्यतेने धरले. सुरुवातीच्या मोजक्या जोड्यांत चार अंडी जास्त खाल्ली गेली तरी पारडं फिरतं. किडे शेकड्यांनी झाले की तेवढ्याने काही बिघडत नाही. असं दैव देव्हाऱ्यातलं नव्हे, हिशेबातलं.

1962 मध्ये लर्नर आणि डेम्प्स्टर या आनुवंशशास्त्रज्ञांनी हरकत घेतली: हा योगायोग नाही, सुरुवातीच्या किड्यांची आनुवंशिकताच वेगवेगळी असते. जवळच्या नात्यात वाढवलेले किडे घेतले तेव्हा निकाल बराच ठाम लागला. कर्मवाद्यांना पूर्वसंचित आठवावं असाच हा युक्तिवाद. पार्क आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांना निकालाच्या अनिश्चिततेचं मुख्य कारण जन्म-मृत्यूंच्या योगायोगातच दिसलं.