अदृश्यतेचा खेळ

अदृश्य होण्याची हौस माणसाला फार पूर्वीपासूनची आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गायजेसच्या अंगठीची कथा येते. अंगठीचा खडा तळहाताकडे वळवला की तो धनगर दिसेनासा होई. त्या बळावर त्याने राजाचा वध करून राज्य बळकावले. पाहणारे कोणीच नसेल तर नीतीने कोण वागेल, असा तेथला प्रश्न आहे. १९८७ साली ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटाने तीच हौस पडद्यावर पुरवली. मात्र नायकाच्या मनगटावरील यंत्र सज्जनांच्या कामी आले.

प्लेटोच्या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर करमणुकीच्या जगातून मिळाले. २०१८ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘मॅजिक फॉर ह्यूमन्स’ या मालिकेत जस्टिन विलमन या अमेरिकन जादूगाराने भर उजेडात, उद्यानात एक प्रयोग केला. एका माणसाला खुर्चीवर बसवले, त्याच्यावर चादर टाकली आणि क्षणभराने ती ओढून घेतली. माणूस होता तेथेच होता. परंतु भोवतालचा जमाव रिकामी खुर्ची पाहावी तसा थक्क होऊन पाहू लागला, कारण सारा जमाव आधीच सामील करून घेतलेला होता. येथे ना आरसे, ना चोरकप्पे. याला पाहायचे नाही असे माणसांनी ठरवले, एवढेच काय ते साहित्य!

आणि अदृश्य झालेल्या माणसाने काय केले? गायजेसप्रमाणे त्याला राजवाडा आठवला नाही. प्रारंभीचे कुतूहल ओसरताच तो कावराबावरा झाला. पाहणारे डोळे नाहीसे झाले की माणूस मोकळा होतो, हे प्लेटोच्या कथेतील गृहीत त्या खुर्चीवर टिकले नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना ‘विनोदी असत्य’ हे प्रकरण आम्हांस फार किरकोळ वाटे. संत थॉमस अक्वायनस विनोदी असत्यालाही असत्यच मानतात. संत ऑगस्टीन मात्र थट्टेला असत्यातून वगळतात. कारण फसवण्याचा हेतू नाही, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून आणि आविर्भावावरूनच कळते. या कसोटीवर जादूगार बहुधा निर्दोष ठरतो. हुडिनीने १९१८ साली न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये हत्तीण नाहीशी केली, तेव्हा प्रेक्षक तिकीट काढून फसायलाच आले होते. आपल्या रस्त्यावर टोपलीतला पोरगा गायब करणाऱ्या गारुड्याभोवतीचे कोंडाळेही काही भाबडे नसते. उद्यानातील प्रयोगात मात्र थट्टेची खूण सर्वांना दिली होती, फक्त एकाला सोडून. ज्याला ती कळणे अगत्याचे, नेमका तोच वगळलेला!

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाने लाजरला मारहाण केली, असे कोठेही लिहिलेले नाही. लाजर त्याच्या दारातच पडलेला होता. त्या घरातून येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी चादर ओढली नव्हती, की कोणाशी संगनमत केले नव्हते. तरी परिणाम तोच झाला. आपल्या लग्नघरी उष्टी भांडी उचलणाऱ्या बाईचे नाव किती पाहुण्यांना ठाऊक असते?

अशा कार्यक्रमांची बाजू घेणारे म्हणतात, खरे कळल्यावर तो माणूसही हसतो. हसत असेल. आपण पुन्हा दिसू लागलो, या सुटकेचे ते हसू असावे. घरी कोचावर बसून आम्ही हसलो ते मात्र त्याच्या आधी, तो घाबरलेला असतानाच.